गाळ्यातून दिसलेले साहेब

कांद्याच्या पट्टीत वरच्या भागात लिहायचं ते थोडंच असतं. शेतकऱ्याचं नाव, गाव, गोण्या किती, वजन किती, भाव काय. खालची यादी मात्र लांबत जाते: अडत, हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं, बारदान, मागच्या हंगामात घेतलेली उचल. वरच्या रकमेतून हे सगळं वजा करून उरेल ते शेतकऱ्याच्या हातात पडतं. चाकणच्या बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर मी उमेदीची वर्षं अशा पट्ट्या लिहिण्यात घालवली. शिक्षण दहावी, अक्षर बरं, वजाबाकीत चूक नाही, एवढ्या भांडवलावर १९७९ च्या हंगामात शेठनी मला ठेवून घेतलं. गाव भामा नदीच्या खोऱ्यातलं, घरी कोरडवाहू जमीन. गाळ्यावर माल घेऊन येणारे निम्मे लोक मला 'अमक्याचा पोरगा' म्हणून ओळखायचे.

नाशवंत मालात कधी कधी खालची बेरीज वरच्या रकमेपेक्षा मोठी व्हायची. कोबी, काकडी, वांगी. माल विकून वर शेतकऱ्याकडेच बाकी निघायची. तिला आम्ही उलटी पट्टी म्हणायचो. ती देताना शेठ खुणेनं सांगायचे, आकडा मोठ्यानं वाचू नको. शेतकरी भांडत नसे. वाचता येत नसलं तरी कागद दोनदा फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "पुढच्या खेपेत वळती करून घ्या." त्याचं मला नवल वाटलं नाही. माझे वडीलही असंच म्हणायचे.

पुढं शेतकऱ्यांचे नेते झालेल्या शरद जोशींनाही अशीच पट्टी आली होती, काकडीची. ही हकिकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. भारतीय टपाल सेवेतला अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघाच्या कचेरीत नोकरी, ती सोडून १९७६ साली हा माणूस भारतात परतला आणि चाकणजवळ आंबेठाणला माळरानाची जमीन घेऊन शेती करायला लागला. जमिनीला नाव दिलं अंगारमळा. बाजारात लोक हसायचे. भटाला शेती जमायची नाही, दोन वर्षांत विकून पुण्याला जाईल, हा अंदाज आमच्या गाळ्यावर तर शेठनी पैज लावावी इतक्या खात्रीनं सांगितला होता.

शेती जमली नाही हे खरंच निघालं. पण ती का जमत नाही याचा हिशेब त्यांनी मांडला. शेतीत तोटा आला की आमच्याकडे कारणं तीन ठरलेली असायची: पाऊस, नशीब आणि अडत्या. जोशींनी तिन्ही बाजूला ठेवली आणि दिल्लीकडे बोट दाखवलं. शहरात धान्य-कांदा स्वस्त मिळावा म्हणून सरकार मुद्दाम भाव पाडतं. निर्यात बंद करतं, लेव्ही लावतं, परदेशातून माल आणतं. शेतकऱ्यानं कितीही घाम गाळला तरी उत्पादनखर्च भरून निघू नये अशीच ही व्यवस्था आहे. 'इंडिया' आणि 'भारत' असे दोन देश या देशात आहेत, हे त्यांचं मांडणं पुढं सगळ्यांच्या तोंडी झालं. शेठ पहिल्यांदा हे ऐकून गाळ्यावर आले तेव्हा म्हणाले, "हा माणूस आपल्याला शिव्या देत नाही. म्हणजे एक तर भोळा आहे, नाही तर फार पोचलेला."

मी लागलो त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ ला, कांद्याची निर्यातबंदी झाली होती. चाकणला भाव क्विंटलला वीस रुपयांच्या आत-बाहेर आला. त्यात काढणीची मजुरीही निघत नव्हती. तेव्हा जोशींनी लोक जमवले, पुणे-नाशिक रस्त्यावर बसवले आणि नाफेड खरेदीला उतरली. ९ ऑगस्ट १९७९ ला शेतकरी संघटना स्थापन झाली ती चाकणलाच. मी गाळ्यावर नवा, त्यामुळे मला ते सगळं माल मोजणाऱ्याच्या अंगानं दिसलं. नाफेडची खरेदी म्हणजे रोजचं भांडण. गोल्टी नको, जोड नको, मोड आलेला नको. एरवी गप्प उभा राहणारा शेतकरी आता विचारायला लागला, नको तर का नको ते लिहून द्या. मला आठवतं, भोसे की काळूसचा एक म्हातारा पट्टी हातात घेऊन मला म्हणाला, "ही वाराई कशाची घेता रे?" मला नीट सांगता आलं नाही. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शेठकडे बघितलं, तर शेठ फोनवर.

जोशींनी चाकणला पहिल्यांदा काही दिलं असेल तर हा प्रश्न. भाव नंतर चढला, उतरला, पुन्हा चढला. नाफेडनं खरेदी थांबवली, पुन्हा १९८० च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी लोक हमरस्त्यावर बसले. पण पट्टीतला आकडा विचारायचा असतो, ही सवय काही परत गेली नाही. मला त्याचा ताप झाला, हेही सांगतो. आधी पट्टी लिहायला दोन मिनिटं लागायची, आता समजावून सांगायला दहा.

जानेवारी १९८० मध्ये वांद्रे गावापासून चाकणपर्यंत रस्त्यासाठी पायी मोर्चा निघाला. साठ-पासष्ट किलोमीटर. भामेच्या खोऱ्यात पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा निघत नसे, माल चाकणला पोचेपर्यंत अर्धा सडायचा. आजारी माणूस तर डोलीतच. आमचे वडील त्यात चालले, आईही चालली. आई त्याआधी आळंदीला सोडून कुठे चालत गेलेली नव्हती. त्या मोर्चाबद्दल घरात दोघांची मतं पुढं कधीच जुळली नाहीत. वडील म्हणायचे, साहेबांनी रस्ता मिळवून दिला. आई म्हणायची, चाललो आपण, साहेबांनी फक्त सांगितलं. शरद जोशींच्या राजकारणाबद्दल मी पुढं बरंच ऐकलं, वाचलं. आईच्या बोलण्यात जेवढं होतं तेवढं क्वचित सापडलं.

नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला भाव यासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली गेली, खेरवाडीला गोळीबार झाला, माणसं गेली. १९८१ ला निपाणीचे तंबाखू उत्पादक उठले, तिथंही गोळीबार झाला. चाकणचा माणूस महाराष्ट्राचा झाला. आम्हाला ते पेपरात दिसायचे. छातीवर लाल बिल्ला लावलेले विदर्भातले, मराठवाड्यातले कार्यकर्ते आंबेठाणला जायला चाकणच्या स्टँडवर उतरायचे आणि आम्हाला वाट विचारायचे. त्यांना वाटायचं, चाकणचा प्रत्येक माणूस संघटनेचा पाईक असणार. आम्ही वाट दाखवायचो आणि हातातलं काम पुढं चालू करायचो.

खरी गोष्ट ही की बिल्ला विदर्भात जास्त लागला. कापूस तिकडे, कर्ज तिकडे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, लाखांनी बाया आल्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्ती आली. नवऱ्यानं जमिनीचा तुकडा आपण होऊन बायकोच्या नावावर करायचा. विदर्भ-मराठवाड्यात कितीतरी गावांनी ते केलं. आमच्या गावात एकानंही केलं नाही. वडिलांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "साहेबांचं भावाचं बरोबर आहे." एवढंच. रस्त्यावर बसायला सांगा, बसतो. तुरुंगात चला, चलतो. सातबाऱ्याला हात लावू नका.

लोकांना आवडेल तेच बोलणाऱ्या नेत्याला लोकानुनयी म्हणतात. शरद जोशींना अनेक अभ्यासकांनी त्याच रांगेत बसवलं: एकच मागणी, एक शत्रू, लाखांच्या सभा, जातींवरून उडी मारून 'शेतकरी तितुका एक एक' म्हणणं. ते खोटं नाही. मराठा-माळी समाजाच्या पट्ट्यात जोशी आडनावाच्या माणसामागं लोक चालत गेले, हे आजही मला साधं वाटत नाही. पण त्या रांगेतला माणूस एकदा गर्दी जमली की तिला खूश ठेवतो. जोशींना ते जमलं नाही, किंवा करायचं नव्हतं. गर्दी जमली की ते तिला नावडता धडा द्यायचे. जमीन बायकोच्या नावावर करा. अनुदान मागू नका, मोकळा बाजार मागा. १९९१ नंतर जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध डावे-उजवे सगळे ओरडत होते, तेव्हा हे उभे राहून म्हणाले की शेतकऱ्याचं त्यात भलं आहे, कारण सरकार त्याला देतं त्यापेक्षा लुटतं जास्त. आमच्या गाळ्यावर त्या दिवसांत वाद व्हायचे. ज्यांनी रस्त्यावर त्यांच्याबरोबर लाठ्या खाल्ल्या तेच म्हणायचे, साहेब अमेरिकेचे झाले.

आणि निवडणूक. सुरुवातीला मतांपासून लांब राहण्याची भाषा होती. नंतर ती सुटली. कधी या आघाडीला पाठिंबा, कधी त्या. १९९० ला जनता दलाबरोबर संघटनेचे काही लोक विधानसभेत गेले. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारनं दहा हजारांपर्यंतचं शेतीकर्ज माफ केलं, जोशींना दिल्लीत शेतीविषयक सल्लागार समितीचं अध्यक्षपद दिलं. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. तो कधी उभा राहिला नाही. मैदान भरायचं आणि पेटी रिकामी निघायची. माझ्या मते यात त्यांचा दोष जास्त आहे. इतक्या वेळा बाजू बदलणाऱ्या माणसाच्या मागं मतदार किती पळणार? दर निवडणुकीला कार्यकर्त्यानं गावात जाऊन नवं चिन्ह समजावून सांगायचं, आणि मागच्या वेळचं का सोडलं तेही.

पण दुसरी बाजू मला गाळ्यावरून दिसायची. आमच्या भागात पुढारी म्हणजे सकाळी दशक्रियेला, दुपारी लग्नाला आणि एरवी काकड्यापासून सप्त्यापर्यंत कुठल्याही कार्यक्रमाला हजर असणारा माणूस. घाटावर कावळा शिवायच्या आधी तो चार शब्द बोलणार, मयताच्या चुलत्याचं नाव घेणार. दवाखान्याचं बिल कमी करायला फोन, ट्रान्सफॉर्मर जळाला तर फोन, पोलीस ठाण्यात पोरगा अडकला तर फोन. याला आम्ही 'काम करणं' म्हणतो. भाव हे कुणाचं काम नव्हे. भाव वाढला तर सगळ्यांचा वाढतो. त्यासाठी रस्त्यावर बसलेला आणि घरी झोपलेला दोघांना सारखाच मिळतो. मग मत द्यायच्या वेळी माणूस आठवतो तो फोन. लोक बेइमान होते असं मी म्हणणार नाही. मीही त्या काळात ज्यानं वडिलांच्या ऑपरेशनला ससूनमध्ये खाट मिळवून दिली त्यालाच मत देत आलो, आणि आजही देईन.

२००४ मध्ये भाजप-सेनेच्या मदतीनं जोशी राज्यसभेत गेले. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक तिथं १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. विरोधातलं ते एक मत त्यांचं. चांदवडला बायांचा सागर जमवणारा माणूस, आणि हे मत! त्यांचं म्हणणं होतं की मतदारसंघ दर खेपेला फिरते ठेवले तर तिथं बाई खऱ्या अर्थानं उभीच राहू शकणार नाही. मला त्यात तथ्य वाटलं. पण टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा मी ज्या ऑफिसात बसलो होतो तिथं कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

ते ऑफिस लेबर कॉन्ट्रॅक्टरचं. मधल्या काळात चाकण बदलून गेलं होतं. बजाजचा कारखाना आधीच आला होता. २००९ मध्ये फोक्सवॅगन सुरू झाली, मर्सिडीज आली, पाठोपाठ महिंद्रा. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, सावरदरी, वासुली, आणि आंबेठाणच्या रस्त्यालासुद्धा शेड उभ्या राहिल्या. जमिनीचे पैसे आले, गुंठामंत्री झाले, गळ्यात साखळ्या आल्या. शेठच्या मुलानं गाळा भाड्यानं दिला. माझं अक्षर आणि वजाबाकी अजून शाबूत होती, तेव्हा मी हजेरीपत्रकं आणि पगारपत्रकं लिहायला लागलो. पट्टी आणि पगारपत्रक यांत फार फरक नाही. वर एक रक्कम, खाली कपाती. पीएफ, ईएसआय, गणवेश, कॅन्टीन. फरक एवढाच की इथं कपातीबद्दल विचारणारा म्हातारा कधी भेटला नाही. विचारलं तर सात महिन्यांनी नोकरीत मिळणारा ब्रेक आधीच मिळतो, हे पोरांना पाठ असतं.

त्या ऑफिसात माझं मोठं काम म्हणजे चिठ्ठ्या लावून ठेवणं. सगळ्या पक्षांच्या लेटरहेडवर येत. 'सदर युवक माझ्या परिचयाचा असून स्थानिक भूमिपुत्र आहे, तरी सहकार्य व्हावे.' कुणाच्या किती पोरांना घेतलं याची मी वही ठेवायचो, कारण कुणाची नाराजी परवडणारी नसे. एक पोरगा लागला की त्याचं घर, चुलते, मामा धरून मतं बांधली जात. स्क्रॅपचा ठेका, पाण्याचे टँकर, कामगारांच्या बसगाड्या, हे सगळं त्याच वहीच्या पुढच्या पानांवर. एके काळी कांद्याचा भाव आमचं राजकारण ठरवायचा. आता गेटपास ठरवतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये हे आणखी आधी झालं होतं. बहीण तळवड्याच्या अलीकडे रूपीनगरला गुंठाभर जागेत घर बांधून राहते. नकाशा मंजूर नाही, तेव्हा महापालिकेनं शास्तीकर लावला. घरपट्टीपेक्षा दंड मोठा. तिच्यासारखी लाखभर घरं. तिथल्या राजकारणाचा गाभा गेली कित्येक वर्षं हाच होता. चिंचवडचे लक्ष्मण जगताप २०१४ मध्ये याच अनधिकृत बांधकामांच्या प्रश्नावर राष्ट्रवादीपासून दूर झाले, मावळमधून लोकसभा लढवून हरले आणि त्याच वर्षी भाजपकडून आमदार झाले. २०१७ ला महापालिकेत १२८ पैकी ७७ जागा भाजपला मिळाल्या, अजित पवारांची तिथली पंधरा वर्षांची सत्ता गेली. जून २०२२ मध्ये आजारी जगताप रुग्णवाहिकेतून मुंबईला मतदानाला गेले. जानेवारी २०२३ ला ते वारले तेव्हा बहिणीनं घरात दिवा लावला होता. जागा आधी त्यांच्या पत्नीकडे, मग भावाकडे गेली. शास्तीकरही २०२३ मध्येच माफ झाला. बहिणीला शरद जोशी कोण हे सांगायला गेलो तर ती म्हणते, ते कांद्यावाले ना, बाबा ज्यांच्या मागं चालले ते?

१२ डिसेंबर २०१५ ला जोशी गेले. त्यानंतर सातच महिन्यांनी, जुलै २०१६ मध्ये, सरकारनं भाजी-फळांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय काढला. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. मी तेव्हा गाळ्यावर नव्हतो, पण जुन्या ओळखीनं बघायला गेलो. नव्या पट्टीत अडतीचा रकाना खरंच गेला होता. लिलाव संपल्यावर एका दिवाणजीला विचारलं, फरक पडला का. तो म्हणाला, "खरेदीदार तेवढा भाव उतरवून बोलतो. काका, तुम्हाला काय सांगायचं?" जोशी असते तर त्यांना याचं आश्चर्य वाटलं नसतं. मोकळ्या बाजाराच्या त्यांच्या बोलण्याचा रोख रकान्यावर नव्हताच. २०२० च्या तीन कृषी कायद्यांना त्यांच्या संघटनेनं पाठिंबा दिला, संघटनेचे अनिल घनवट सर्वोच्च न्यायालयाच्या समितीवर गेले. उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी वर्षभर दिल्लीच्या सीमा अडवून ते कायदे मागे घ्यायला लावले. रस्ता अडवायची रीत तीच होती आणि मागणी बरोबर उलटी.

डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा निर्यातबंदी झाली. १९७८ सारखीच, शहरात कांदा महागू नये म्हणून. खासदार अमोल कोल्हे शिवनेरीवरून पुण्याकडे मोर्चा घेऊन निघाले. त्यानंतरच्या लोकसभेला कांद्याच्या पट्ट्यात सत्ताधाऱ्यांना मार बसला असं सगळे म्हणाले. म्हणजे भावावर मत पडतच नाही असंही नाही. बहुतेक ते रागाचं मत असतं, कुणाला तरी पाडायचं. निवडून आणायचं असतं तेव्हा फोन आठवतो.

माझा पुतण्या चाकण नगरपरिषदेला उभा राहायचं म्हणतोय. खर्चाची नोंदवही काका लिहितील, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं आहे. मागच्या आठवड्यात मंडपवाला, फ्लेक्सवाला, जेवणावळी यांचे अंदाज मांडत बसलो होतो. भिंतीवर वडिलांचा मोर्चातला फोटो आहे, त्याकडे बघून तो म्हणाला, "जोशी साहेब किती मतांनी निवडून यायचे?"

"लोकांतून कधीच नाही आले."

"मग एवढी माणसं मागं कशाला जायची?"

"भाव मागायला."

"मिळाला?"

"कधी कधी."

त्यानं जरा विचार केला. "भाषणात घेऊ का हे? शेतकऱ्याचा मुलगा म्हणून?"

"घे की," मी म्हटलं, "पण आपल्या वॉर्डात आता कांदा लावतं कोण?"